काळं तिचं, पांढरं माझं

१

माझ्या मुलीची, मैत्रीची, शाळेची व्हॅन गेली की मी चहा टाकतो, प्रिंटरमधून कागद काढतो आणि तो समोरच्या भिंतीवर उलटा चिकटवतो. उलटा म्हणजे डोकं खाली, पाय वर. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन चष्मा काढतो, डोळे बारीक करतो आणि बघत उभा राहतो. समोरच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ रोज गॅलरीत दात घासताना हे पाहतात. त्यांना मी वेडा वाटत असणार, आणि कोथरूडमध्ये असलं मत कोणी पोटात ठेवत नाही. एकदा गेटपाशी त्यांनी विचारलंच, "काय, आज सापडलं का?"

पण आमच्या धंद्यात सगळे हेच करतात. मी आणि माझी बायको पूर्वा, आम्ही छापायची अक्षरं बनवायचो, फॉन्ट. कागद सुलटा असला की माणूस वाचायला लागतो, आणि वाचायला लागला की बघायचं विसरतो. उलट्या कागदावर शब्द उरत नाहीत. नुसतं काळं आणि पांढरं उरतं. दोन अक्षरांमध्ये कुठे जागा जास्त सुटली असेल तर तिथे पांढरा डाग दिसतो. तो घालवायचा. लांबून सगळं पान एकसारखं करडं दिसलं पाहिजे.

आमची वाटणी लग्नाच्या आधीपासूनची. अक्षर काढायचं पूर्वाने आणि दोन अक्षरांमध्ये किती जागा सोडायची ते ठरवायचं मी. "काळं माझं, पांढरं त्याचं," असं ती पाहुण्यांना सांगायची आणि वर म्हणायची, "म्हणजे काम मी करते, रिकाम्या जागा हा सांभाळतो."

'निरंजना' हा तिचा शेवटचा फॉन्ट. मासिकांच्या मथळ्यांसाठी काढलेला. जाड रेघ चांगली भरदार आणि बारीक रेघ केसाएवढी. सोबत इंग्रजी अक्षरंही, त्यांच्या टोकांना नखाच्या कडेसारखे नाजूक पाय. असल्या अक्षरात बारीक रेघ जराशी जाड झाली की सगळा नखरा जातो, आणि जराशी बारीक झाली की छापताना तुटते. पूर्वाने त्यात डोळे घालवले. बोधगयेहून आल्यावर तिथल्या नदीचं नाव तिने त्याला दिलं. मग साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत ती गेली. अक्षरं तिने सगळी पूर्ण केली होती. मधल्या जागा तेवढ्या राहिल्या होत्या, आणि त्या माझ्याकडे होत्या.

२

उत्कर्षा पूर्वाची कॉलेजातली मैत्रीण, आता एका मासिकाची संपादक. तिचा नव्या रूपातला अंक निरंजनामध्ये निघायचा होता. तिने मला सहानुभूती वगैरे दाखवली नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

"तिची अक्षरं लोकांनी वाचली पाहिजेत, प्रज्ञेश. नुसती तुझ्या भिंतीवर उलटी टांगून काय उपयोग? वटवाघळं आहेत का ती?"

मी कामाला लागलो. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. पूर्वाच्या अक्षरांत दिवसभर बसायला मिळत होतं आणि कोणी 'स्वतःला सावर' म्हणत नव्हतं.

डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा मी त्याला डागच समजलो. पानाच्या मध्याच्या जरा खाली, अंगठ्याएवढा. मी चष्मा लावून जवळ गेलो. अक्षरांमध्ये काही चुकलेलं नव्हतं. तरी तिथल्या दोनचार जागा कमी केल्या, पुन्हा छापलं, पुन्हा उलटं लावलं. डाग तिथेच होता.

मग मी मजकूर बदलला. पूर्वाचा चाचणीचा मजकूर म्हणजे सोसायटीच्या लिफ्टबद्दलची तिची लांबलचक तक्रार होती; ती काढून वर्तमानपत्रातली बातमी टाकली. शब्द बदलले, ओळी बदलल्या. डाग हलला नाही. म्हणजे प्रिंटर खराब. म्हणून तेच पान दुसऱ्या फॉन्टमध्ये छापलं. स्वच्छ. कागद सुलटा लावला तर डाग नाही. उलटा लावला की आहे.

माझा स्वभाव शंकेखोर आहे. असल्या गोष्टींना कारण असतं आणि ते बहुतेक वेळा कंटाळवाणं असतं, असं मी आयुष्यभर मानत आलो. मी चष्म्याचा नंबर तपासून घेतला. खिडकीचा पडदा बदलला. भिंत बदलली.

डागाला आकार होता. वर गोल, खाली मान, मग रुंद. बाटली, मी स्वतःला सांगितलं. बाटली म्हणायला काही हरकत नव्हती. पण बाटलीचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली नसतो.

३

सत्यशीलामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाली, राहायला वारज्याला. पूर्वा गेल्यापासून ती मैत्रीसाठी आमच्याकडेच होती. तिने एकदा जेवताना मला खुणेने दाखवलं.

मैत्री उजव्या हाताने वरणभात खात होती. डावा हात तिने ताटाशेजारी ठेवला नव्हता. तो थोडा वर आणि थोडा बाहेर होता, बोटं अर्धी मिटलेली.

"दुखतो का तो?" मी विचारलं.

"मी बघितलंय सगळं," मावशी म्हणाली. "दुखत नाही, सूज नाही. सवय लागलीय काहीतरी. पहिलीतली पोरं काय काय लावून घेतात."

त्या शनिवारी मैत्रीला बूट घ्यायला मी कर्वे रस्त्यावर घेऊन गेलो. रस्ता ओलांडताना मी सवयीने तिचा डावा हात धरायला गेलो तर तिने तो मागे घेतला.

"तो नको. हा घे."

"का गं?"

"तो रिकामा नाहीये, बाबा."

बसमध्ये शेजारची जागा अडवून बसलेलं माणूस सांगतं त्या सुरात ती हे म्हणाली. मी वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला आलो. सिग्नल पडला, आम्ही निघालो. दुभाजकाशी मैत्री एका उडीत वर चढली आणि थांबली. डावीकडे, जरा वर, बघत राहिली. मागून एक बाई ओरडली, "अहो, मुलीला आवरा, मधेच काय उभे राहताय!" मैत्री तरीही थांबली. कोणीतरी साडी सावरत चढायला जितका वेळ घेईल तितका वेळ थांबली, आणि मग पुढे निघाली.

मुलांचे काल्पनिक मित्र असतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. आई गेलेल्या मुलांचे तर असणारच. दुकानात मी हे मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत होतो आणि दुकानदार मला बुटाचा नंबर विचारत होता.

४

डाग मोठा होत होता. अंगठ्याएवढा होता तो तळहाताएवढा झाला. आणि एका सकाळी मी चष्मा काढला, डोळे बारीक केले आणि मला बाटली म्हणता येईना.

पूर्वा उभी होती. स्वतःचं अक्षर बघताना ती जशी उभी राहायची तशीच. सगळा भार एका पायावर, एक खांदा पडलेला, मान जराशी कलती. काळ्या अक्षरांमधून सुटलेल्या पांढऱ्या जागांनी ती झालेली होती. चेहरा नव्हता. पांढऱ्याला चेहरा कुठून येणार? पण बारा जणांच्या गर्दीत पाठमोरी असती तरी मी तिला ओळखलं असतं.

भीती वाटायला हवी होती. मला रडू आलं, आणि ते सुखाचं होतं. सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट म्हणजे मी केस नीट केले.

त्यानंतर मी जागा दुरुस्त करणं सोडून दिलं. रोज सकाळी त्याच फाइलचं नवीन पान छापायचं आणि उलटं लावायचं. ती रोज थोडी मोठी असायची, कारण जवळ येणारं माणूस मोठं होत जातं. मी चहाचा कप घेऊन तिच्यासमोर बसायचो आणि बोलायचो. गॅसवाला आला नाही. मैत्रीचा पुढचा दात हलतोय. तुझ्या 'क्ष'ची शेपटी अजून मला पटलेली नाही. तिचं उत्तर येत नव्हतं, पण उत्तर न देता ऐकणं ही पूर्वाची जुनीच पद्धत.

मनातला शंकेखोर माणूस अधूनमधून खाकरायचा. झोप नाही, जेवण नाही, दिवसभर काळं-पांढरं बघतोस. तुला ढगातसुद्धा पूर्वा दिसेल. मी त्याला म्हणायचो, दिसू दे.

एकदा न राहवून मी मावशीला खोलीत बोलावलं. लांब उभं केलं, चष्मा काढायला लावला.

"काय दिसतं?"

"उलटा कागद."

"नीट बघ ना."

तिने बघितलं. बराच वेळ बघितलं. "मनी वसे ते स्वप्नी दिसे, प्रज्ञेश," ती म्हणाली आणि चष्मा लावून निघाली. दाराशी गेल्यावर मागे न बघता म्हणाली, "मात्र मैत्रीच्या खोलीत असले कागद लावू नकोस."

मी तसं काही बोललो नव्हतो. माझ्या मनातही नव्हतं.

५

मैत्रीला ताप आला. जास्त नव्हता. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, सध्या सगळीकडे साथ आहे, पाणी भरपूर द्या. पूर्वाच्या वेळीही हेच शब्द होते. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. माझ्यापुढे तर पुन्हा दूधच ठेवलं होतं.

ती पांघरूण घेऊन पडलेली असायची आणि डावा हात बाहेर, पलंगाच्या कडेवरून, हवेत. झोपेतही खाली पडत नव्हता. मी तो हलकेच आत घ्यायला गेलो. हात जड लागला. त्याला पलीकडून धरलं असावं तसा जड.

"मैत्री, कोणाचा हात धरलायस?"

तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मला एवढंही कळत नाही याचं तिला नवल वाटलं असावं. "आईचा," ती म्हणाली आणि परत झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप तसाच होता. मी खोलीत जाऊन पान छापलं आणि उलटं लावलं. आता पूर्वा पानभर झाली होती. आणि ती एकटी नव्हती. तिच्या कमरेच्या उंचीला दुसरी पांढरी जागा होती. छोटं डोकं, दोन्ही बाजूंना दोन वेण्या. दोघींच्या मध्ये एक पांढरी रेघ, केसाएवढी बारीक, कुठेही न तुटलेली. हातात हात होता.

मी चष्मा लावला, काढला. पान टराटरा फाडलं, नवीन छापलं. दोघी होत्या.

माझं सगळं सुख त्या क्षणी गोठलं. इतके दिवस मी जिला चहा दाखवत होतो ती माझ्यासाठी आलेलीच नव्हती. ती मैत्रीसाठी आली होती. तिचा हात धरूनही झाला होता. आणि ती यावी म्हणून अक्षरांमधल्या वाटा मीच मोकळ्या ठेवल्या होत्या.

पूर्वा मुलीचं वाईट करेल? जिने तिच्यासाठी रात्री जागवल्या ती? नाही करणार, मी म्हणालो. पण मग वाटलं, ती एकटी असेल. तिकडे तिलाही करमत नसेल. आणि मला तिची दया आली, तिचा राग आला, आणि पलीकडच्या खोलीत मैत्री खोकली.

६

मी दार आतून लावून घेतलं. बाहेर लख्ख दुपार होती, खाली कोणीतरी गालिचा झटकत होतं. अशा उजेडात मी माझ्या बायकोला घालवायला बसलो.

काम साधं होतं, माझं रोजचंच. पांढरं जिथे जास्त आहे तिथे अक्षरं जवळ ओढायची, आणि या वेळी दोनचार जागांवर थांबायचं नाही. 'र' आणि 'ा' यांच्यामधली जागा घेतली. 'ट'च्या पोटाखालची घेतली. थोडं केलं की छापायचं, लावायचं, चष्मा काढायचा. आधी तिचे पाय गेले. मग साडीचा घोळ करडा झाला. प्रत्येक पानाबरोबर मी "माफ कर" म्हणत होतो, आणि थांबत नव्हतो. मैत्रीच्या बाजूला मी हात लावला नाही. फक्त पूर्वा घालवायची होती, आणि ती मधली रेघ.

पूर्वा अर्धी उरली तेव्हा मला दिसलं, तिचा दुसरा हात उचललेला होता. तो मैत्रीकडे नव्हता. समोर होता. सरळ माझ्याकडे, तळवा वर, बोटं उघडी.

त्याच वेळी दार वाजलं.

आवाज दाराच्या खालच्या भागातून आला. लहान मुठीचा, हळू. मी वळलो नाही. परत वाजलं. मग दाराच्या वरच्या भागावर, मोठ्या माणसाचा हात पोचेल तिथे, तितकंच हळू वाजलं. एकदा खाली, एकदा वर. दोन वेगळ्या हातांनी. कोणी हाक मारली नाही. दाराखालच्या फटीत मला उजेड दिसत होता आणि त्यात सावली एकच होती, तीही छोटी.

मी कानांवर हात ठेवले. मग ते काढावे लागले, कारण हातांनी काम करायचं होतं. मी ती केसाएवढी रेघ बंद केली. उघडलेली बोटं बंद केली. पडलेला खांदा बंद केला. मान शेवटी राहिली, जराशी कलती, आणि मी तीही बंद केली.

शेवटचं पान लावून लांब उभा राहिलो. मैत्रीची जागाही आपोआप बुजून गेली होती. सगळं पान एकसारखं करडं होतं, कुठेही डाग नव्हता. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम आहे. दाराबाहेर आता काहीच आवाज नव्हता.

७

मी बाहेर आलो तेव्हा मैत्री सोफ्यावर बसून मऊभात खात होती. डावा हात मांडीवर पडलेला. मी धावत जाऊन तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं.

"उतरला!" मी मावशीला म्हणालो. "ताप उतरला, मावशी!"

"सकाळीच उतरलाय," मावशी म्हणाली. "तू दार लावून घ्यायच्या आधीच. मी म्हटलं, सांगावं, तर ही स्वतःच उठली. बाबाला मीच सांगते म्हणाली, आणि गेली तुझ्या दाराशी. तू उघडलं नाहीस ते नाहीसच."

मी मैत्रीकडे बघितलं. ती भाताकडे बघत होती.

मी फाइल उत्कर्षाला पाठवून दिली. अंक निघाला. लोकांनी फार वाखाणला. उत्कर्षा अंक घेऊन घरी आली आणि मथळ्यावरून बोट फिरवत पहिल्यांदाच रडली. "काय रे सुंदर झालंय. प्रत्येक पानात दिसते बघ ती," ती म्हणाली. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

मैत्री त्या दिवसापासून मला दोन्ही हात देते. रस्ता ओलांडताना कुठलाही धर, तिला चालतं. दुभाजकावर थांबत नाही. मावशी म्हणते, सुटली सवय. मी बरेच दिवस विचारायचं टाळलं. शेवटी एका रविवारी, तिच्या वेण्या घालताना, विचारलं.

"मैत्री, आई तुला न्यायला आली होती का गं?"

"कुठे?"

"तिच्याकडे."

"नाही," ती म्हणाली. "सोडायला आली होती. तुझ्याकडे. ती म्हणाली, बाबा खूप लांब बसलाय, त्याला काही ऐकू येत नाही. आपण चालत जाऊ, मग तुझा हात बाबाच्या हातात देते आणि मी जाते."

माझ्या हातातली वेणी सुटली.

"आम्ही दाराशी उभ्या होतो," मैत्री म्हणाली. "मी वाजवलं, मग तिने वाजवलं. मग माझा हात एकदम सुटला."

घेऊन जाणारं माणूस लांब जातं, लहान होत जातं. पूर्वा तर रोज मोठी होत होती. एवढी साधी गोष्ट. आयुष्यभर मी लांबून बघण्याचं काम केलं आणि ती मला दिसली नाही.

मी उठलो. जुनी फाइल होती, मी काहीच टाकून देत नाही. जागा बंद करायच्या आधीची, जागेचा एकही आकडा न बदललेली. ती उघडली, छापली, भिंतीवर उलटी लावली. मैत्री माझ्या मागोमाग आली होती. मी तिच्याशेजारी उभा राहिलो, चष्मा काढला, डोळे बारीक केले. तेच पान, त्याच जागा. पान एकसारखं करडं होतं. मी दुसरं छापलं. तिसरं छापलं. मजकूर बदलला, लिफ्टची तक्रार परत टाकली. पूर्वा, मी म्हणालो, मोठ्याने म्हणालो, मावशीला स्वयंपाकघरात ऐकू गेलं असेल. ये ना. मी दार उघडं ठेवलंय.

मैत्रीने भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग तिने डावा हात उचलला, थोडा वर, थोडा बाहेर, बोटं अर्धी मिटून, आणि दुसरा हात माझ्या हातात दिला. आम्ही तसेच उभे राहिलो. बऱ्याच वेळाने तिचा उचललेला रिकामा हात थरथरायला लागला, तरी तिने तो खाली घेतला नाही.